सिरॅमिक कोटिंगची गाडी, बोअरचं पाणी आणि परळीची राख

अंबाजोगाईच्या एका सरांचा प्रश्न आहे. काळी एसयूव्ही, दिवाळीच्या आसपास सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. नोकरीमुळे रोज परळीला जाणं-येणं. गाडी घरासमोर लिंबाखाली उभी असते. गल्लीतला एक पोरगा रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो आणि रविवारी बोअरच्या पाण्यानं धुतो. आता मार्च लागला तर पाणी पहिल्यासारखं मोत्यांसारखं घरंगळत नाही, बॉनेटवर पांढरी वर्तुळं उठलीत आणि उन्हात बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. कोटिंग गेलं का, पुन्हा करावं का, आणि पुढचा उन्हाळा-पावसाळा गाडी कशी ठेवावी, असं त्यांनी विचारलंय.

सर, पुन्हा कोटिंग करायला लगेच पैसे काढू नका. नीट लावलेलं कोटिंग पाच महिन्यांत उडून जात नाही. ते बहुतेक जागेवरच आहे, फक्त त्याच्यावर बोअरचे क्षार आणि परळीच्या वीजकेंद्राच्या राखेचा थर बसलाय, त्यामुळे पाण्याला कोटिंग भेटतच नाही. हे धुऊन निघतं. जाळं मात्र खरं आहे. ते रोजच्या फडक्यानं पडलंय आणि ते धुऊन निघणार नाही. तुमच्या गाडीचे हे दोन आजार वेगळे आहेत, म्हणून दोन्हींवर वेगवेगळं सांगतो.

मी लातुरात २०११ पासून गाड्या धुतोय, कोटिंग पुढे शिकलो. सुरुवातीला साधं वॉशिंग सेंटर होतं: रॅम्प, पंप, फेस, दोन पोरं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. लोकांच्या घागरी रांगेत असताना आपण टायरवर पाइप धरायचा, हे बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमचा बोअरही फेब्रुवारीपासूनच उचक्या देत होता. रॅम्प बंद केला, बादलीवर आलो. एका बादलीत आख्खी गाडी ओरखडा न पाडता कशी साफ करायची हे त्या चार महिन्यांत शिकलो, आणि आज कोटिंगच्या गाड्यांनाही तेच शिक्षण कामाला येतंय.

आता कोटिंग म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या, कारण विकणारे ते समजू देत नाहीत. ते सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं, अतिशय पातळ कवच आहे. गाडीच्या रंगावर कंपनीतूनच एक पारदर्शक थर येतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कोटिंग त्याच्यावर एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्याच्या आत घाण शिरत नाही, पाणी पसरत नाही, उन्हानं रंग फिका पडायला वेळ लागतो. एवढंच त्याचं काम. धूळ बसू न देणं हे त्याचं काम नाही, आणि दगड लागून टवका उडणं तर ते मुळीच रोखत नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी जाड पारदर्शक फिल्म लागते, ती १५०-२०० मायक्रॉनची असते. गारपिटीचे पोचेही कोटिंग थांबवत नाही. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या की कुणीतरी वॉरंटी कार्ड घेऊन दारात येतंच, म्हणून सांगितलं.

कार्डावर ‘९ एच’ कडकपणा लिहिलेला असतो. लोकांना वाटतं हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी आहे. ती पेन्सिलीची चाचणी आहे हो. वेगवेगळ्या कडकपणाच्या शिशाच्या पेन्सिली रंगावर ओढायच्या आणि कुठली ओरखडा पाडते ते बघायचं, त्यातली सगळ्यात कडक ती ९ एच. खनिजांचा कडकपणा मोजायची मोजपट्टी वेगळीच. तिच्यावर वाळूतली गारगोटी ७ वर असते. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात, क्रशरवरच्या खडीची काळ्या दगडाची भुकटी असते. तुमच्या त्या पोराच्या ओल्या फडक्याखाली रोज हे कण फिरतात. एक-दोन मायक्रॉनचं कवच त्यांच्यापुढे काय टिकणार?

तुमच्या रस्त्याची धूळ तर आणखी वेगळी आहे. आपल्याकडची काळी माती वाळली की अगदी पिठासारखी होते, ती तुलनेनं मऊ. मुरमाची आणि खडीची धूळ टोकदार. आणि परळीच्या थर्मलची राख म्हणजे जळालेल्या कोळशात उरलेले सिलिकाचे काचेसारखे बारीक गोल कण. टिपर पुढे असला की ती धुरासारखी उडते, बंद काचेच्या फटीतूनही आत येते. कोरडी असेपर्यंत फुंकरीनं जाते, पण हिवाळ्यातलं दंव पडलं की ती चिकटून बसते आणि सकाळी गाडी राखाडी दिसते. बरोबर त्याच वेळी पोरगा फडकं घेऊन येतो. म्हणजे दंवानं भिजलेल्या राखेनं तुमची काळी गाडी नोव्हेंबरपासून रोज घासली गेली. याच दिवसांत उसाचं गाळप चालू असतं. साखर कारखान्याच्या चिमणीतून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी येते, काळ्या तुसासारखी. ती बोटानं टिपायला गेलात तर रेघ उमटते. फुंकर मारा किंवा पाण्यानं वाहवून द्या.

म्हणून पहिला बदल हा करा: रोज पुसणं आजपासून बंद. धूळ दिसली तर दिसू द्या. धुळीनं रंगाचं काही बिघडत नाही, धूळ ओढण्यानं बिघडतं. मला ठाऊक आहे, आपल्याकडे दारात उभी असलेली गाडी धुळकट दिसली की शेजारीही विचारतात, ‘काय सर, गाडी पुसली नाही का?’ त्यांना सांगा, कोटिंगची आहे. आणि त्या पोराचा महिना तोडू नका. पैसे तेवढेच द्या, काम बदला: रोज फडकं मारण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुणं. दहा गाड्यांना एकच बादली आणि एकच फडकं फिरतं, तुमच्या गाडीचं फडकं आणि बादली तुमच्या घरीच राहू द्या.

आता पाणी. मराठवाड्यात कोटिंगचा खरा वैरी मी ऊन मानत नाही, उन्हात वाळलेलं बोअरचं पाणी मानतो. खडकात खोल गेलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. भांड्याला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर धरतो तोच हा. साध्या रंगावर पाणी पसरतं, त्यामुळे थरही पातळ पसरतो. कोटिंगवर पाण्याचा गोल थेंब होतो आणि त्यातले सगळे क्षार एका जागी जमून वर्तुळ बनतं. म्हणजे ज्या मोत्यांवर आपण खूश होतो तेच मोती उन्हात वाळले तर गाडीवर शिक्के मारून जातात. कोटिंग नसलेल्या गाडीपेक्षा कोटिंगच्या गाडीवर डाग जास्त उठून दिसतात ते यामुळे.

ही चूक मी स्वतः केलीय. २०१८ चा मे, सकाळचे अकरा वाजलेले, एका डॉक्टरांची काळी सेडान. धुऊन झाली, पुसायला टॉवेल घेतला आणि फोन वाजला. दहा मिनिटं बोललो असेन. परत आलो तर बॉनेटवर छापल्यासारखी वर्तुळं. व्हिनेगर झालं, डाग काढायचं औषध झालं, वरवरचं निघालं पण काही वर्तुळं रंगात उतरली होती. शेवटी बॉनेट पॉलिश करून स्वतःच्या खर्चानं पुन्हा कोटिंग करून दिलं. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट घासून पातळ करणं, तो पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे पैसे कुणाचेही गेले तरी गाडीचं नुकसान व्हायचं ते झालंच. त्या दिवसापासून धुताना फोन गल्ल्यात ठेवतो.

पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते, मोजायचं छोटं मीटर काही शे रुपयांत मिळतं, घेऊन ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला मानलाय आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलाय. म्हणजे पोटाला चाललेलं पाणी काळ्या बॉनेटला चालेलच असं नाही. आमच्या सेंटरच्या बोअरला उन्हाळ्यात मीटर ९०० च्या पुढे जातं, चांगला पाऊस झाला की उतरतं. १०० च्या आतलं पाणी वाळलं तरी डाग जवळपास दिसत नाहीत, ३०० च्या वर मी एकही थेंब गाडीवर वाळू देत नाही. टँकरच्या पाण्याचा भरवसा नाही, एका फेरीला एक आकडा, दुसऱ्या फेरीला दुसरा.

दोन पाणी मात्र गाडीच्या रंगाला कधीच लावू नका, आणि आपल्याकडे नेमकी तीच लावली जातात, पाणी वाया जाऊ नये म्हणून. एक, आरओ मशीनच्या मागच्या पाइपचं. मशीन निम्मं पाणी गाळून देत असेल तर उरलेल्या निम्म्यात जवळपास सगळ्या पाण्याचे क्षार येतात, म्हणजे टीडीएस दुप्पट. दुसरं, कूलरच्या टाकीत तळाला राहिलेलं. दिवसभर त्यातलं पाणी उडतं आणि क्षार तिथेच साठत जातात, वरून आपण पुन्हा बोअरचंच पाणी भरतो. मे महिन्याच्या शेवटी त्या तळाला खारट चिखल असतो. दोन्ही पाणी पायपुसणं, चाकं, अंगण यांना वापरा. आणि खिडकीतला कूलर गाडीच्या दिशेला असेल तर गाडी हलवा, त्याचे तुषार रोज रात्री बारीक डाग टाकतात.

चांगलं पाणी घरातच असतं. एसीचं. एसीतून टपकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. पाइप एका कॅनमध्ये सोडा. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, त्यामुळे फार मिळत नाही, पण मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कॅन भरभर भरतो. पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणीही उत्तम, फक्त पहिले दोन पाऊस पत्र्यावरची धूळ वाहून जाऊ द्या. बोअरच्या पाण्यानं गाडी धुवा आणि शेवटी वरून खाली हे दोन-तीन लिटर पाणी सोडा, एवढ्यानंच निम्मी वर्तुळं टळतात. विंडशील्डच्या वॉशरच्या टाकीतही हेच भरा, जेट तुंबत नाहीत. बरेच जण विचारतात, सॉफ्टनर बसवू का? सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. टीडीएस तेवढाच राहतो, डागही पडतात, फक्त ते पुसले की निघतात. घराला बसवायचाच असेल तर गाडीलाही फायदा, निव्वळ गाडीसाठी बसवण्यात अर्थ नाही.

धुण्याची रीत सांगतो, त्यातही वेळ आधी. उन्हाळ्यात सकाळी सात-साडेसातच्या आत. संध्याकाळी धुवायची तर पत्रा निवू द्या. मेमध्ये रात्री आठलाही बॉनेट कोमट असतं, इंजिनची धग वेगळी. तळहाताची पाठ लावून बघा, गार वाटलं तरच पाणी.

पहिल्यांदा गाडीला हात न लावता जेवढी धूळ जाईल तेवढी घालवायची. घरी प्रेशर वॉशर असेल तर छान, तो मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेतो, नोझल हातभर लांब धरा. नसेल तर शेतकऱ्याचा बॅटरीवरचा फवारणी पंप घ्या. मी हसण्यावारी सांगत नाही. १६ लिटरची टाकी, बारीक फवारा, हळू धार, गाडीला याच्याइतकं बेताचं पाणी दुसरं काही देत नाही. पण पंप नवा घ्या आणि गाडीचाच ठेवा. शेतातला तणनाशक-कीटकनाशक मारलेला पंप कितीही विसळला तरी वापरायचा नाही, गाडीसाठी नाही आणि तुमच्या हातांसाठीही नाही. पंपात पाणी आणि पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, खारही नाही असा) शाम्पू घालून खालून वर फवारा, चार-पाच मिनिटं भिजू द्या, वाळू देऊ नका, मग साध्या पाण्यानं वरून खाली वाहवून द्या. राख आणि काजळी इथेच निघून जाते.

मग हात लावायचा. एका बादलीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, शाम्पूत बुडवा, छप्परावरून सुरू करा, एका पॅनेलला सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही, आणि पुन्हा शाम्पूत घालायच्या आधी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्या. दाबायचं अजिबात नाही. दाराच्या खालची पट्टी आणि बंपरचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, चाकांचं फडकं वेगळं. शाम्पू घेताना बाटलीवर ‘वॅक्स’ लिहिलेला नको. वॅक्स कोटिंगवर स्वतःचा चिकट पापुद्रा सोडतं, पाणी मंदावतं, धूळ धरते आणि माणूस म्हणतो कोटिंग गेलं. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण, यांचं तर नावच नको.

वाळवताना पुसू नका, टिपा. मोठा जाड टॉवेल पॅनेलवर पसरवून उचलायचा. उन्हाळ्यात मी आख्खी गाडी धुऊन मग वाळवत नाही. अर्धं छप्पर धुतलं, टिपलं, पुढं सरकलो. वेळ लागतो, पण मे महिन्यात दुसरा मार्ग नाही.

पाणी फारच कमी असेल तर २०१६ वाली रीत. बादलीत दहा लिटर चांगलं पाणी, त्यात रिन्सलेस वॉशचं झाकणभर औषध, म्हणजे जे नंतर धुवावं लागत नाही ते. आठ-दहा मायक्रोफायबर त्यात बुडवून ठेवा. एक उचला, चौघडी घाला, एका बाजूनं एक पॅनेल, मग घडी पालटा. चारही बाजू संपल्या की ते कापड बाजूला, पुन्हा बादलीत टाकायचं नाही. मागोमाग कोरड्या कापडानं टिपत चला. त्याआधी फवारणी पंपानं तेच औषध मारून धूळ भिजवली तर आणखी बरं. उन्हाळ्यातल्या धुळीला ही रीत पुरते. पावसाळ्यातल्या चिखलाला मात्र ही लावायची नाही, तिथं आधी धार लागतेच.

लिंबाच्या झाडाचं काय करायचं, हा अवघड प्रश्न आहे. मराठवाड्यात मे महिन्यात सावली सोडा असं मी कुणाला सांगू शकत नाही, आणि उन्हात तापण्यापेक्षा सावली केव्हाही चांगली. पण जूनमध्ये लिंबोळ्या पिकल्या की पाखरं येतात आणि बॉनेटवर रांगोळी घालून जातात. पाखराच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं, आणि तापलेल्या पत्र्यावर ती वाळून आक्रसते तेव्हा खालच्या थरालाही ओढते. कोटिंगमुळे तुम्हाला थोडी सवलत मिळते, पण ती काही तासांची, आठवड्याची नाही. गाडीत एक पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेवा. दिसली की कापड ओलं करून तिच्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. नखानं खरडायची नाही. आंब्याखाली मोहराच्या दिवसांत गाडी लावणाऱ्यांना तुडतुड्यांचा चिकटा भोगावा लागतो, त्यालाही तोच उपाय, फक्त पाणी कोमट घ्या. जमलं तर अंगणात चार बांबूंवर शेडनेट ताणा. शेतीच्या दुकानात मिळतं तेच हिरवं. ऊनही कमी, पाखरंही बाजूला. बाजारातलं कार कव्हर मात्र उघड्यावर वापरू नका. धुळकट गाडीवर कव्हर टाकलं आणि संध्याकाळचं वारं सुटलं की ते रात्रभर सँडपेपरसारखं घासतं.

वळवाचा पाऊस आला की लोक म्हणतात गाडी आपोआप धुतली गेली. वळीव आधी धूळ उडवतो आणि मग त्याच धुळीतून खाली येतो, त्यामुळे गाडीवर नुसते मातीचे ठिपके. ते उन्हात पक्के व्हायच्या आधी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुऊन घ्या. वायपर कोरड्या धुळीवर चालवू नका, आधी वॉशर मारा.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगा पाडते, हे शेतात आपण बघतोच. गाडीवरही ती तेच करते. चाकांच्या वरच्या कमानीत गोळे धरून बसते, आतून ओलावा धरून ठेवते, आणि बाहेरून वाळलेली दिसते. वाळलेला चिखल काठीनं किंवा फडक्यानं काढू नका. शेतातून आल्या आल्या, ओली असतानाच धार मारली तर ती कोटिंगवरून अक्षरशः घसरते. कोटिंगचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी इथेच दिसतो. वाळली असेल तर भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा, मग धार. वॉशिंग सेंटरवाले पावसाळ्यात खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारतात, गंज धरू नये म्हणून. ते रबराच्या बुशांना खातं आणि उडून दारांवर येतं, त्याच्यावर धूळ अशी बसते की विचारू नका. नको म्हणून सांगा. डांबराचे ठिपकेही रॉकेल-पेट्रोलनं काढायची आपली जुनी सवय आहे. रॉकेल मागे तेलकट थर ठेवतं. टार रिमूव्हर वापरा, थोडाच, आणि लगेच शाम्पूनं धुवा. समृद्धीवरून आलात तर पुढच्या बंपरवरचे किडे त्याच दिवशी ओल्या कापडाखाली मऊ करून काढा, उशीर झाला की तेही पाखरांच्या विष्ठेसारखे उतरतात. जालन्याकडच्या गाड्यांना लोखंडाचा त्रास वेगळा. तिकडे स्टीलच्या मिला आहेत, पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसले तर तो रंगाचा गंज नसून वरून बसलेली लोखंडाची कणी असते.

आता तुमच्या गाडीचं लगेच काय करायचं ते. या रविवारी पहाटे, सावलीत, वर सांगितल्याप्रमाणे नीट धुवा. मग आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाची कणी काढायचं औषध, मारा, तो लोखंडाशी जांभळा होतो, ब्रेकची भुकटी असली की तुमच्याकडेही होईल. तीन-चार मिनिटांत, वाळायच्या आत, धुऊन टाका. त्यानंतर क्षारांसाठी साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच एसीचं पाणी एकत्र करा. कापड त्यात भिजवून आधी एका कोपऱ्यातल्या वर्तुळांवर मिनिटभर ठेवा, हलकं फिरवा, धुवा. वर्तुळं गेली आणि रंगाला काही झालं नाही तर एकेक पॅनेल करत जा. काच, क्रोमची पट्टी यांच्यावरून लगेच पाणी सोडा. बाथरूमच्या टाइल्सचं ॲसिड चुकूनही आणू नका. लिंबूही नको, त्यातली साखर आणि गर मागे राहतात. सगळं झाल्यावर पंपानं बॉनेटवर पाणी मारून बघा. ते पुन्हा गोल होऊन पळायला लागलं तर कोटिंग जिवंत आहे, खाली दबलेलं होतं. गाडी कोरडी करून त्यावर सिलिकाचा स्प्रे टॉपर, म्हणजे कोटिंगवर फवारायचा थर, एक हात मारा, चार महिने निभतात. असं मोठं धुणं वर्षातून तीनदा पुरे: आत्ता गाळप संपताना, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीला.

जाळ्याचं मी घाई करणार नाही. ते घालवायचं म्हणजे पॉलिश, पॉलिश म्हणजे कोटिंगही जाणार आणि क्लिअर कोटचाही थोडा भाग. रोजचं फडकं थांबलं की ते वाढणं थांबेल. कोटिंगची मुदत संपेल तेव्हा एकदाच पॉलिश करून नवं लावा. ते मे महिन्यात लावू नका, करायचंच झालं तर एसीच्या बंद खोलीत काम करणारा शोधा. तापलेल्या हवेत औषध पुसायच्या आधीच वाळतं आणि पट्टे राहतात. लावल्यावर पहिला दिवस पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

व्हिनेगरनंतरही एखाद्याच भागावर पाणी चपटं पडून राहत असेल आणि बाकी ठिकाणी पळत असेल, तर त्या भागाचं कोटिंग खरंच घासलं गेलंय. बहुतेक ते ड्रायव्हरच्या दारावर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला असेल, पोराचा हात तिथेच जास्त फिरतो. तेवढेच पॅनेल करून मिळतात, आख्खी गाडी नाही. लातूरला येणं झालं तर गाडी न धुता तशीच आणा, म्हणजे मला काय साचलंय ते दिसेल. आणि येताना घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणा, मीटर इथं आहे.